डिस्क ब्रेक घासतोय? कॅलिपरला हात लावण्याआधी

माउंटन बाइकच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड आणि डिस्क यांच्यात किती फट असते, हे एकदा टॉर्च मारून बघाच. एका बाजूला जेमतेम एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी, म्हणजे साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर. मधली डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटरच्या आसपास जाड. आपण २५ च्या वेगाने जात असलो तर ही डिस्क त्या फटीतून मिनिटाला पावणेदोनशेच्या वर फेरे मारते. हे लक्षात घेतलं की ब्रेक घासतो याचं नवल वाटत नाही, एरवी घासत नाही याचं वाटतं.

एवढी कमी फट ठेवण्यामागे कारण आहे. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये बोटाने लिव्हर दोन-तीन सेंटिमीटर ओढली की पॅड मिलिमीटरचा काही हिस्साच सरकतो. हालचाल घटते, त्या बदल्यात जोर वाढतो. म्हणून तर एका बोटाने सायकल थांबते. फट दुप्पट केली तर लिव्हर हँडलला टेकेल, पण ब्रेक लागणार नाही. जुन्या रिम ब्रेकमध्ये दोन्ही बाजूंना मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा असायची, त्यामुळे रिंगला थोडा आऊट (वाकडेपणा) असला तरी तो खपून जायचा. इथे काहीच खपत नाही. चाक, हब (चाकाचा मधला भाग), डिस्क, कॅलिपर (डिस्कवर बसलेला, पॅड धरणारा भाग), पिस्टन (पॅडला ढकलणारा) यांपैकी कोणीही केसभर इकडेतिकडे झालं की खस्स-खस्स सुरू.

मग आपण काय करतो? एलन की काढतो, कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करतो, लिव्हर दाबून पुन्हा आवळतो. व्हिडिओत हेच दाखवतात आणि बऱ्याचदा आवाज थांबतोही. पण दोष चाक नीट न बसण्यात असेल, तर आपण चांगला बसलेला कॅलिपर हलवून चुकीच्या जागी बसलेल्या चाकाशी जुळवून ठेवतो. पुढच्या वेळी पंक्चर काढायला चाक उघडलं आणि ते व्यवस्थित बसलं, की पुन्हा घासायला लागतं. माझं मत असं की कॅलिपर हा शेवटून दुसरा संशयित आहे. त्याच्या आधी बाकीच्यांची चौकशी करायची, आणि चौकशीची सुरुवात कानांनी करायची.

आवाज कसा आहे?

चाक जमिनीवरून उचला आणि हाताने फिरवा. फिरत्या डिस्कजवळ बोटं नेऊ नका. ती पातळ आणि भोकाभोकांची असते, बोट अडकलं तर तुटूही शकतं. हे भीती घालायला सांगत नाही, असे अपघात खरोखर होतात.

आता ऐका. आवाज एका फेऱ्यात एकदा येतो का: खस्स... खस्स... खस्स? तर डिस्कचा एक भाग वाकडा आहे. आवाज सलग येतो का, शिट्टीसारखा किंवा कागद घासल्यासारखा? तर डिस्क सरळ आहे, पण फटीच्या मध्यभागी नाही. मग दोष चाकाच्या बसण्यात, कॅलिपरच्या जागेत किंवा पिस्टनमध्ये. सलग आवाजातच मध्ये मध्ये जोर चढत असेल तर दोन्ही गोष्टी एकदम आहेत. अशा वेळी आधी जागा नीट करायची, मग डिस्क. उलट क्रमाने केलं तर दुप्पट वेळ जातो.

उभं फिरवल्यावर काही आवाज नाही, पण चढावर सीटवरून उठून पेडल मारलं की घासतं? मग ब्रेक निर्दोष असण्याची शक्यता जास्त. आपल्या वजनाने काहीतरी हलतंय: हबचं बेअरिंग, सैल ॲक्सल (हबमधून जाणारा दांडा), किंवा फोर्कच. लांब उतारानंतर टिंग-टिंग सुरू होतं आणि पाच मिनिटं थांबलं की जातं, तो उष्णतेचा खेळ. पावसात सुरू झालं आणि वाळल्यावर गेलं, तर पॅडच्या कडेला कचकच अडकली होती. सह्याद्रीत पावसाळ्यात हे रोजचंच आहे, आणि कोकणातली जांभ्याची लाल माती तर खरकागदासारखी घासते. बाटलीभर पाणी ओता, दोन-चार वेळा जोरात ब्रेक मारा, पुढे चला.

ब्रेक दाबल्यावर येणारा कर्कश्श आवाज, ज्याने गल्लीतली कुत्री उठतात, तो या लेखाचा विषय नाही. तिथे बहुधा पॅडवर तेल किंवा ग्रीस गेलेलं असतं. इथे आपण बोलतोय ते ब्रेक न दाबताच येणाऱ्या आवाजाबद्दल.

आणि हो, आवाज ब्रेकचाच आहे ना? मडगार्डची तार, स्पोकवरचा रिफ्लेक्टर, गिअरच्या केबलचं बाहेर आलेलं टोक, हे सगळे अगदी तसाच आवाज काढतात. सोपी परीक्षा म्हणजे पॅड काढून चाक फिरवायचं. तरीही आवाज आला तर ब्रेकचा पिच्छा सोडा.

चाक आणि हब

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे निघतो, आणि इथेच सगळ्यात कमी लोक बघतात.

आपल्याकडच्या बऱ्याच हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेल्या) सायकलींना अजून क्विक रिलीज असतं. म्हणजे ॲक्सल फोर्कच्या उघड्या खाचेत बसतो आणि लिव्हरने आवळला जातो. सायकल उलटी करून चाक बसवलं तर ॲक्सल खाचेत तिरका बसू शकतो. एका बाजूला अर्धा मिलिमीटर वर, दुसऱ्या बाजूला खाली. रिमकडे बघून कळत नाही, डिस्कला मात्र लगेच कळतं. म्हणून सायकल सरळ जमिनीवर उभी करा, क्विक रिलीज सैल करा, हँडलवर किंवा सीटवर वजन टाका म्हणजे ॲक्सल खाचेच्या तळाला टेकेल, आणि तसंच धरून लिव्हर बंद करा. लिव्हर बंद होताना तळहातावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. त्याहून सहज बंद होत असेल तर समोरची नट थोडी आवळा. आवाजाच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असं मी म्हणेन.

क्विक रिलीजची लिव्हर डिस्कच्या विरुद्ध बाजूला ठेवावी. २०१५ साली ट्रेक कंपनीने अमेरिका आणि कॅनडातल्या जवळजवळ १० लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्याचं कारण हेच होतं. त्यांच्यावरची लिव्हर १८० अंशांपेक्षा जास्त उघडायची, आणि नीट बंद नसेल तर पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकायची. तुमची लिव्हर उघडून डिस्कच्या दिशेने फिरवून बघा. ती डिस्कला लागत असेल तर बदला.

थ्रू ॲक्सल, म्हणजे खाचेऐवजी बंद भोकातून आरपार जाऊन आवळला जाणारा जाड दांडा, असेल तर हा तिरकेपणाचा प्रश्न उरत नाही, पण तो किती आवळलाय यावर डिस्कची जागा किंचित बदलते. प्रत्येक वेळी सारखाच आवळायचा. किती, ते बहुधा ॲक्सलवरच न्यूटन मीटरमध्ये छापलेलं असतं.

मग हब. चाक सायकलवरच असताना रिम वरून धरा आणि आडवी, म्हणजे फोर्कच्या एका पायाकडून दुसऱ्याकडे, हलवा. टक-टक जाणवलं तर हबला प्ले (ढिलेपणा) आहे. प्ले असलेल्या हबवर ब्रेक कितीही जुळवला तरी वळणावर आणि चढावर डिस्क आपली जागा सोडणारच. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या हबमध्ये सुट्या गोळ्या आणि कोन (गोळ्यांना दाबून ठेवणारे शंकूच्या आकाराचे नट) असतात. कोनचा पाना आणि थोडा धीर असेल तर घरी जमतं. एक बारकावा मात्र दुकानातही कधीकधी विसरला जातो: क्विक रिलीज आवळल्यावर ॲक्सल किंचित दाबला जातो, त्यामुळे चाक बाहेर असताना अगदी नखभर प्ले ठेवायचा असतो. तो आवळल्यावर नाहीसा होतो. बाहेर असतानाच प्ले पूर्ण काढला तर बसवल्यावर बेअरिंग जड होतं.

डिस्कचे बोल्टही तपासून घ्या. सहा बोल्टांची डिस्क असेल तर टी-२५ टॉर्क्स की लागते. शिमानो २ ते ४ न्यूटन मीटर सांगते, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. एकामागून एक गोल न आवळता समोरासमोरचे आवळत जा. मध्ये एकच मोठी रिंग असलेली सेंटर लॉक डिस्क असेल तर हिशोब उलटा. तिला ४० न्यूटन मीटर लागतात, लांब दांड्याचा पाना लागतो, आणि घरी बहुधा ती सैलच राहते.

आता कॅलिपर

एवढं करूनही सलग आवाज राहिला, तर आता कॅलिपर.

माउंटन बाइकवर बहुतेक वेळा पोस्ट माउंट असतो: दोन बोल्ट, लांबट भोकं, त्यामुळे कॅलिपर डावीकडे-उजवीकडे सरकतो. प्रचलित पद्धत अशी: दोन्ही बोल्ट एवढे सैल करा की कॅलिपर हाताने हलेल, लिव्हर घट्ट दाबून धरा म्हणजे पॅड डिस्कला पकडून कॅलिपरला मध्यावर आणतील, आणि तसेच बोल्ट आवळा. लिव्हर धरायला दुसरं माणूस नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा हँडलला गुंडाळा.

ही पद्धत फसते तेव्हा तीन कारणं असतात. एक, बोल्ट फिरताना आपल्याबरोबर कॅलिपरलाही ओढतो. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा आवळला की कॅलिपर तिरका होतो. म्हणून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, असं करत शेवटी ६ ते ८ न्यूटन मीटरपर्यंत जायचं. दोन, बोल्टच्या वॉशरने माउंटवर आधीच खळगा पाडलेला असतो, आणि आवळताना तो पुन्हा त्याच जुन्या खळग्यात सरकतो. तुम्ही पाच वेळा जुळवता, तो पाचही वेळा आपल्या जागी परत जातो. वॉशर उलटा किंवा नवा बसवला, ग्रीसचा पातळ हात दिला, की तो हट्ट सोडतो. तीन, एक पिस्टन आळशी असेल तर लिव्हर दाबल्यावर कॅलिपर मध्यावर येतच नाही. त्याबद्दल पुढे.

मला स्वतःला डोळ्यांनी जुळवणं जास्त भरवशाचं वाटतं. कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरा किंवा जमिनीवर ठेवा, त्यावर टॉर्चचा प्रकाश पाडा, आणि एक डोळा मिटून फटीतून बघा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला रेघ नसेल तर फक्त एक बोल्ट सैल करा, कॅलिपर अंगठ्याने केसभर ढकला, आवळा, पुन्हा बघा. मग दुसरा बोल्ट. दुसरा घट्ट असल्यामुळे कॅलिपर त्याच्याभोवतीच फिरतो, सगळा सुटत नाही. या पद्धतीला वेळ लागतो, पण केलेलं काम टिकतं.

फट दिसते, तरी आवाज येतो? मग पॅडच्या मधली स्प्रिंग बघा. दोन पॅडना एकमेकांपासून दूर ठेवणारी ती पातळ पट्टी बसवताना वाकली की तिचा एक पाय डिस्कला टेकतो. आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, आणि आपण तासभर कॅलिपर हलवत राहतो. पॅड अडकवणाऱ्या पिनचं टोकही कधीकधी हाच उद्योग करतं.

डिस्कचा आऊट काढणं

एका फेऱ्यात एकदा येणारा आवाज म्हणजे डिस्कला आऊट. गाडीच्या डिकीत चाकावर बॅग ठेवली, बसच्या टपावर सायकल डिस्कच्या बाजूने आडवी टाकली, दगडाला धडक बसली, एवढं पुरतं. डिस्क पोलादाची असली तरी १.८ मिलिमीटरची पट्टीच ती.

रिंगचा आऊट काढायला स्पोक आवळतात-सोडतात. इथे स्पोक नाहीत, त्यामुळे पोलाद थेट वाकवावं लागतं. चाक हळूहळू फिरवा आणि कॅलिपरच्या फटीतच बघत रहा. फट कुठे कमी होते, डिस्क कोणत्या पॅडकडे झुकते. त्या जागी मार्करने खूण करा, डिस्कच्या दांडीवर, जिथे पॅड घासतो त्या पट्ट्यावर नको. मग खूण कॅलिपरपासून दूर आणा, डिस्क स्वच्छ कागदाने धरा आणि उलट दिशेला हलकासा दाब द्या. ॲडजस्टेबल पाना वापरणार असाल तर तो आधी स्पिरिटने पुसा, जबड्यात कागद घाला. पुन्हा फिरवा, पुन्हा बघा. पहिल्या दाबाने काहीच होत नाही असं वाटतं, कारण पोलाद लवचीकपणे परत येतं. जोर थोडा थोडा वाढवत जायचा. एकदम जोर केला तर आऊट पलीकडच्या बाजूला जातो, आणि मग एका वाकाचे दोन होतात.

डिस्क अगदी शंभर टक्के सरळ करायच्या नादाला लागू नका. फटीत न घासता फिरली की पुरे. घडी पडल्यासारखा कोन दिसत असेल तर मात्र ती सरळ करत बसू नये, नवी घ्यावी. जाडीही बघा. शिमानोच्या डिस्कवर किमान जाडी १.५ मिलिमीटर अशी कोरलेली असते. त्याहून पातळ झालेली डिस्क गरम झाली की लवकर वाकते, म्हणजे तुम्ही आऊट काढत राहणार आणि ती परत वाकत राहणार. मोजताना व्हर्नियरचा जबडा डिस्कच्या बाहेरच्या कडेवर टेकवू नका. तिथे न झिजलेला काठ उरतो, आणि माप खोटं येतं.

उष्णतेने येणारा आऊट वेगळा. सिंहगडचा घाट ब्रेक धरून उतरलात की डिस्कचा बाहेरचा पट्टा तापतो, मधल्या दांड्या तुलनेने थंड राहतात. १६० मिलिमीटरच्या डिस्कचं तापमान २०० अंशांनी वाढलं तर पोलादाचा व्यास साधारण ०.३ मिलिमीटर वाढू पाहतो. मधला भाग त्याला वाढू देत नाही, मग पट्टा बाजूला फुगतो. आपली फट तेवढीच असल्यामुळे तो पॅडला लागतो. निवलं की जातं. याला पान्याने हात लावायचा नाही. गरम डिस्कला बोटानेही नाही, चटका बसतो. उतारावर ब्रेक सतत हलका धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबून पुन्हा पूर्ण सोडणं बरं, डिस्कला निवायला वेळ मिळतो.

आळशी पिस्टन

चाक नीट, डिस्क सरळ, कॅलिपर मध्यावर. तरी दोन दिवसांनी त्याच बाजूला पुन्हा घासतंय. मग पिस्टन.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड मागे नेणारी मोठी स्प्रिंग नसते. पॅडच्या मधली ती पातळ पट्टी मदतीपुरतीच. खरं काम करतं ते पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील. मनगटावर बोट टेकवून थोडं सरकवलं तर कातडी बोटासोबत जाते आणि सोडलं की त्याला मागे घेऊन येते, तसंच हे सील. पिस्टन पुढे जातो तेव्हा ते त्याला चिकटून वाकतं, लिव्हर सोडली की सरळ होतं आणि पिस्टनला मागे ओढतं. किती मागे? सील जेवढं वाकलं होतं तेवढंच. आपली सुरुवातीची फट ती हीच. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं, तेव्हा सीलची पकड घसरते आणि पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकून नवी जागा धरतो. म्हणून हायड्रॉलिक ब्रेकला पॅड झिजले तरी वरचेवर जुळवणी लागत नाही.

आता त्या पिस्टनच्या कडेवर धूळ, चिखल आणि पॅडची काळी पूड बसून वाळली असं समजा. सील नीट वाकतही नाही, घसरतही नाही. एका बाजूचा पिस्टन मोकळा, दुसरा जड. लिव्हर दाबली की मोकळा पुढे धावतो, जड जागीच. ब्रेक दाबताना डिस्ककडे बघा: ती एका बाजूला ढकलली जाऊन वाकताना दिसली तर निदान पक्कं. पावसाळाभर गॅलरीत ठेवलेली सायकल दिवाळीला काढली की हेच हमखास दिसतं, न वापरताही.

साफसफाई घरी होते. चाक काढा, पॅड काढा. लिव्हर अगदी हळू दाबून पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणा. त्याहून जास्त नको, पिस्टन निसटला तर तेल जमिनीवर आणि काम दुकानात. बाहेर आलेली कड इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने चौफेर पुसा. मग त्याच ब्रेकमध्ये जे तेल असतं त्याचा एक थेंब इअरबडवर घेऊन कडेला लावा. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांच्यात मिनरल ऑइल. श्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं, पण त्यांचे काही नवे ब्रेक मिनरल ऑइलचे आहेत, तेव्हा लिव्हरवर काय छापलंय ते वाचा. एकाचं दुसऱ्यात गेलं तर रबरी सील फुगून खराब होतात. मग पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने सरळ आत ढकला. स्क्रू ड्रायव्हरने नको. काही ब्रेकमधले पिस्टन सिरॅमिकचे असतात, तिरक्या दाबाने टवका उडतो.

मोकळा पिस्टन टायर लिव्हरने दाबून धरा आणि ब्रेकची लिव्हर ओढा, म्हणजे सगळा दाब जड पिस्टनला मिळेल. बाहेर, पुसणं, थेंब, आत. असं चार-सहा वेळा केलं की तो बहुधा मोकळा होतो. दोन्ही बरोबरीने हलायला लागले की पॅड घाला, चाक बसवा, कॅलिपर पुन्हा जुळवा. पॅडचं घर्षणाचं साहित्य ०.५ मिलिमीटरपर्यंत आलं असेल तर आत्ताच बदला. स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा अशी सूचना कोरलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष करून धातूमिश्रित पॅड घातले तर डिस्क भराभर झिजते.

दोन्ही पॅड, दोन्ही बाजूंनी, डिस्कला टेकलेत आणि फट दिसतच नाही, असा प्रकार असेल तर तेल जास्त झालंय. हे कसं होतं? जुने पॅड झिजलेले असताना कोणीतरी ब्रेकच्या लिव्हरजवळच्या टाकीत तेल भरतं. मग नवे जाड पॅड घालताना पिस्टन मागे ढकलावे लागतात, आणि परत आलेल्या तेलाला वर जागाच नसते. उन्हात तेल गरम होऊन फुगलं की पॅड आणखी आवळतात. उपाय म्हणजे लिव्हर जमिनीशी समांतर करा, टाकीवरचा ब्लीड स्क्रू (तेल भरण्या-काढण्याच्या भोकाचा) काढा, खाली फडकं धरा आणि पिस्टन पूर्ण आत ढकला. जादा तेल वरून निघून जाईल. हे करताना पॅड आणि डिस्क बाहेर काढून लांब ठेवा, तेलाचा एक थेंब पॅड वाया घालवायला पुरतो.

आणि याच कारणाने, आवाज येतोय म्हणून डिस्कवर गंजरोधक स्प्रे, खोबरेल किंवा चेनचं तेल मारू नका. आवाज खरंच थांबतो. ब्रेकही थांबतात.

केबलच्या डिस्क ब्रेकची गोष्ट थोडी निराळी. त्यातल्या बहुतेकांत बाहेरचा एकच पॅड हलतो आणि डिस्कला ढकलून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. म्हणजे डिस्क मध्यावर ठेवायचीच नसते. स्पोकच्या बाजूने एलन की घालून आतला पॅड डिस्कला टेकेल न टेकेल इतका जवळ आणा, मग हलणारा पॅड त्याहून थोडा लांब ठेवा. डिस्कला जितकं कमी वाकावं लागेल तितका ब्रेक चांगला. पॅड झिजल्यावर केबल ओढून काम भागवण्याची सवय असते, पण त्याने ब्रेकच्या हाताची अर्धी चाल वाया जाते आणि जोर कमी पडतो. केबल जागेवर ठेवून पॅडच पुढे घ्यावेत.

किती आवाज चालवून घ्यायचा? चाक हाताने जोरात फिरवून बघा. सहज दहा-बारा फेरे मारून हळूहळू थांबलं, तर जे ऐकू येतंय ते फक्त ऐकू येतंय, पायांवर त्याचा बोजा पडत नाही. नव्या पॅडचा थोडा आवाज पहिल्या काही राइडमध्ये आपोआप जातो. दोन-तीन फेऱ्यांत चाक थांबत असेल, किंवा ब्रेक न मारता दहा मिनिटं चालवल्यावर डिस्कजवळ हात नेताच धग लागत असेल, तर मात्र तसंच पुढे जाऊ नका.

चाक काढून सायकल गाडीत घालताना पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा. नाहीतर कोणीतरी गंमत म्हणून लिव्हर दाबतं, पिस्टन पुढे येऊन अडकतात आणि डिस्क आत जातच नाही. तसं झालंच तर पॅड न काढता त्यांच्या मध्ये टायर लिव्हर घालून हळूहळू फाकवा. सायकल उलटी ठेवली असेल तर सरळ केल्यावर पाच मिनिटं थांबून लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबा. टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत शिरलेला असू शकतो, आणि पहिला ब्रेक पोकळ लागतो.

हे सगळं करूनही कॅलिपर दर वेळी तिरकाच बसत असेल, तर फोर्क किंवा फ्रेमवरचे माउंटचे दोन पाय एका पातळीत नसतात. त्यांच्यावर रंगाचा जाड थर असतो, किंवा कारखान्यातच नीट तासलेले नसतात. तो थर पॉलिश पेपरने घासायचा मोह टाळा, आणखी तिरकं होईल. त्यासाठी माउंट तासायचं खास हत्यार लागतं. ते मोठ्या दुकानांतही सगळ्यांकडे नसतं, तेव्हा सायकल घेऊन जाण्याआधी फोन करून तेवढंच विचारा: डिस्कचा पोस्ट माउंट फेस करून मिळेल का? समोरचा माणूस न अडखळता हो म्हणाला तर जा.